भाकर की गिरास

सकाळी पोदेराचा पोंपों वाजला की आमच्या फोंड्याच्या वाड्यावर निदान चार दारं उघडतात. सायकलच्या मागच्या टोपलीत उंडे, पोळ्या, कांकणां. पोदेर हा शब्द पोर्तुगीज, पाव हाही पोर्तुगीज, आणि दोन्ही इतके आपले झालेत की ते बाहेरचे आहेत हे सांगावं लागतं. गेल्या मे महिन्यात शेजारच्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसापाशी, लादीन (सामुदायिक प्रार्थना) होती. मी नेहमीसारखा मागे उभा होतो, शेवटी मिळणाऱ्या उकडलेल्या चण्यांवर डोळा ठेवून. प्रार्थना कोंकणीत चालली होती आणि एक ओळ कानाला अडकली: 'आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी.' घरी माझ्याकडे मराठी बायबल आहे. त्यात हीच ओळ 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' अशी आहे. पोर्तुगीजमध्ये म्हणायची तर तिथे 'पांव' येतो, म्हणजे आपला पावच.

येशूने शिष्यांना शिकवलेली ही एकच प्रार्थना आणि तीन वेगळी ताटं. त्यातून रोज पाव दारात येणाऱ्या गोव्यात देवाकडे पाव कोणीच मागत नाही! हे असं का, ते शोधायला बसलो आणि त्या एका ओळीपासून बराच लांब गेलो.

आधी एवढं लक्षात घेऊ की येशू बोलला ते बहुधा अरामी भाषेत. ते लिहून ठेवलं गेलं ग्रीकमध्ये. म्हणजे शुभवर्तमानांच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या) अगदी जुन्या प्रतीतसुद्धा त्याचे बोल बहुतेक भाषांतरातच आहेत. त्याच्या आधीचा ग्रंथ, ज्याला आपण जुना करार म्हणतो, तो मुख्यतः हिब्रू. इसवी सनापूर्वी 3ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ज्यू लोकांनी त्याचं ग्रीक भाषांतर सुरू केलं. मग 4थ्या शतकाच्या अखेरीला जेरोम या ख्रिस्ती पंडिताने बायबल लॅटिनमध्ये आणलं, तिथून युरोपच्या भाषा, आणि त्या भाषा बोलणारी माणसं जहाजातून मांडवीच्या तोंडाशी. मराठीतला नवा करार 1811मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरहून छापून आला. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत केलं. त्या 1922मध्ये गेल्या आणि त्यांचं भाषांतर 1924मध्ये छापून निघालं.

आता भाकरीकडे. ग्रीकमध्ये शब्द आहे 'आर्तोस', म्हणजे भाजलेली गव्हाची किंवा जवाची भाकरी. त्याच्यामागे उभा असलेला हिब्रू शब्द 'लेहेम'. हाच धातू अरबीत गेला तर 'लहम', म्हणजे मांस. एकाच मुळातून एकीकडे भाकरी आणि दुसरीकडे मटण. म्हणजे शब्दाच्या पोटात मुळात 'मुख्य अन्न' एवढंच असावं, पानात काय पडायचं ते ज्या त्या मुलखाने ठरवलं. त्या हिशेबाने भात खाणाऱ्या गोव्यात 'आमची रोजची पेज आम्हांला दे' हेही चुकलं नसतं. मराठी भाषांतरकाराने भाकर निवडली, आणि मला विचाराल तर छान निवडली. 'दोन वेळच्या भाकरीची ददात', 'मीठभाकर', 'भाकरतुकडा ओवाळणं' हे सगळं त्या एका शब्दाबरोबर आपसूक आत येतं. पण गिरास वेगळा आहे. गिरास म्हणजे ग्रास, घास. भाकर अख्खी असते, घास एका वेळेचा, एका तोंडाचा. जेवायच्या आधी गोग्रास काढून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला 'गिरास' ऐकताना जे वाटेल, ते 'भाकर' ऐकताना वाटणार नाही. मागणारा तोच, पण कोंकणीत त्याची ओंजळ लहान झालेली दिसते.

आणि खरी अडचण भाकरीत नाहीच, ती 'रोजची' या निरुपद्रवी शब्दात आहे. ग्रीकमध्ये तिथे 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तो या प्रार्थनेच्या बाहेर ग्रीक लिखाणात जवळजवळ सापडतच नाही. 3ऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताची मातृभाषाच ग्रीक, तरी त्यालाही तो कुठे बोलण्यात ऐकू आला नव्हता. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा असं त्याने नोंदवून ठेवलंय. अर्थ 'आजची' होतो, 'येणाऱ्या दिवसाची' म्हणजे उद्याची होतो, 'जगायला पुरेल एवढी' असाही होतो. जेरोमने काय केलं ते पाहा. लूकच्या शुभवर्तमानात 'रोजची' हा जुना लॅटिन शब्द राहू दिला. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र त्याच ग्रीक शब्दाला 'द्रव्याच्या पलीकडची' अशा अर्थाचा एक भारदस्त लॅटिन शब्द बसवला. एकीकडे पोटाची भाकरी आणि दुसरीकडे आत्म्याची! मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकरीला केवढं स्थान आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला हा फरक नुसता व्याकरणाचा वाटणार नाही. लोकांच्या तोंडी शेवटी राहिली ती 'रोजची'च. भुकेपुढे पांडित्य टिकलं नाही, असं म्हणायचा मोह मला होतो.

त्याच प्रार्थनेत पुढची ओळ क्षमेची आहे आणि तिथे मराठी व कोंकणी आणखी लांब जातात. कोंकणीत देवाला 'पातकां भोगस' म्हणतात, म्हणजे आमची पापं माफ कर. मराठी बायबलात मत्तयच्या पानावर पाप नाही, ऋण आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं, तसं तू आमचं ऋण सोड. बरोबर कोण? दोघंही. मत्तयच्या ग्रीकमध्ये खरोखर 'देणी' असाच शब्द आहे आणि लूकच्या ग्रीकमध्ये 'पापं'. दोन्हींच्या मागे बहुधा अरामी 'होबा' आहे, ज्याचा अर्थ कर्जही होतो आणि पापही. अरामी बोलणाऱ्याला ती दोन वेगळी खाती नव्हतीच. मत्तयने एक बाजू उचलली, लूकने दुसरी. पोर्तुगीजमध्येही जुनी माणसं 'देणी' म्हणत असत, नव्या पाठात 'अपराध' आले.

'ऋण' घेतलं की मराठी माणसाच्या मनात भलतंच दालन उघडतं, हे मला फार उशिरा सुचलं. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. ती फेडायची असतात, माफ करून मागायची नसतात. शिवाय सत्काराला उत्तर देताना आपण हौसेने म्हणतो, 'तुमच्या ऋणात राहायला मला आवडेल.' ज्या भाषेत ऋणात राहणं गोड असतं, त्या भाषेत 'ऋण सोड' म्हणणारा जरा कृतघ्न वाटू शकतो. उलट 'पातक' घेतलं तर तो गोडवा जातो, पण पैशाची धारही जाते. मत्तयच्याच 18व्या अध्यायात एका चाकराची गोष्ट आहे. मालकाने त्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं आणि तो बाहेर पडून आपल्या किरकोळ ऋणकोचा गळा धरतो. प्रार्थनेत 'ऋण' वाचलेल्याला ही गोष्ट तिचंच पुढचं पान वाटते. 'पातक' म्हणणाऱ्याला तो सांधा स्वतः जोडून घ्यावा लागतो.

माझा सगळ्यात आवडता शब्द अजून यायचा आहे. हिब्रूत 'रूआह', ग्रीकमध्ये 'प्नेउमा'. दोन्हींचे अर्थ तीन: वारा, श्वास, आणि ज्याला मराठी बायबल 'आत्मा' म्हणतं तो. उत्पत्तीच्या सुरुवातीलाच पाण्यावर देवाचा 'रूआह' आहे, तिथे कोणी 'देवाचा आत्मा' लिहितं, कोणी 'देवाकडून आलेला वारा'. योहानाच्या 3ऱ्या अध्यायात येशू निकदेमाला म्हणतो की वारा पाहिजे तिकडे वाहतो, आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे. मराठीत ही उपमा झाली. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा एकच शब्द असल्यामुळे तिथे नुसती उपमा उरत नाही. वाक्य दोन्हीकडून एकदम वाहतं. हिब्रूत रूआह बहुतेक वेळा स्त्रीलिंगी, ग्रीकमध्ये प्नेउमा नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये स्पिरितुस पुल्लिंगी. जुन्या सिरियाक (अरामीचंच एक रूप) ख्रिस्ती लिखाणात पवित्र आत्म्याबद्दल 'ती आली' अशा थाटाचं बोलणं सापडतं. मराठीत 'तो' आला, आणि नुसता आला नाही तर उपनिषदांचं सगळं ओझं घेऊन आला. आत्मा म्हटलं की आपल्याला न मरणारा, शस्त्रांनी न छेदला जाणारा, आपल्याच आत असलेला आठवतो. रूआह बाहेरून येतो, अंगावर येतो, हलवून सोडतो.

आणि गंमत म्हणजे असा शब्द मराठीत होता. 'अंगात वारं आलं' असं आपण म्हणतो की नाही? जत्रेत कोणाच्या अंगात येतं त्याला गोव्यात भार म्हणतात, अवसर म्हणतात, पण मराठीत वारंही म्हणतात, आणि त्या वाऱ्याचा अर्थ हवा नसतो. प्रेषितांच्या कृत्यांतल्या 2ऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवसाचा प्रसंग वाचा: सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज घर भरून टाकतो, शिष्य भलभलत्या भाषांत बोलू लागतात आणि बघणारे म्हणतात, हे प्यायलेले आहेत. 'वारं भरलं' हेच तिथे हुबेहूब बसतं. भाषांतरकारांनी ते का घेतलं नाही ते उघड आहे. त्यांना देवस्कीचा वास नको होता. मी त्यांना दोष देत नाही, पण आत्मा घेतल्याने प्रसंग ध्यानस्थ झाला, त्यातली झिंग गेली, एवढं म्हणतोच. मडगावचं मोठं चर्च याच पवित्र आत्म्याच्या नावाने आहे. तिथलं फेस्त पावसाच्या तोंडावर भरतं आणि सुकी मासळी, मिरच्या, कोकम असा पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायला भोवतालचा सगळा सासष्टी तालुका तिथे लोटतो. वाऱ्याच्या सणाला शोभेल अशीच वेळ आहे ती.

परक्या देवाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची की त्यांचेच शब्द ठेवायचे, हा पेच गोव्याने फार लवकर अनुभवला. जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलंय तो फ्रान्सिस झेवियर 1549मध्ये जपानला गेला. त्याचा दुभाषा आंजिरो याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. दोघांनी मिळून देवासाठी जपानी शब्द शोधला, 'दाइनिची'. लोक खूश झाले, बौद्ध भिक्षूंनीही आदराने वागवलं. पुढे झेवियरला कळलं की दाइनिची म्हणजे त्यांच्याच पंथातला महावैरोचन बुद्ध. मग त्याने तो शब्द टाकून लॅटिन 'देउस' उचलला आणि 'दाइनिचीची प्रार्थना करू नका' असं लोकांना सांगायची पाळी त्याच्यावर आली.

ही ठेच माहीत असूनही म्हणा, नसूनही म्हणा, फादर स्टीफन्स सासष्टीत उलट्या वाटेने गेला. हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात उतरला आणि 1616मध्ये रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. सुमारे 11000 ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा दिलेल्या त्यातल्या ओव्या आपण शाळेतच पाठ करतो, त्यामुळे बाकीचा ग्रंथ वाचायचा राहून जातो. त्याची सुरुवात 'ओं नमो विश्वभरिता' अशी आहे. ज्ञानेश्वरीचं 'ओं नमो जी आद्या' ज्याच्या कानात आहे त्याला हे काय चाललंय ते लगेच कळतं. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. हिब्रू आणि ग्रीकमध्ये स्वर्गाचा शब्द साधा 'आकाश' असाच आहे, तिथे कोणाचं घर नाही. वैकुंठ मात्र विष्णूचं. कालपर्यंत विष्णूसहस्रनाम म्हणणाऱ्या घराला तो शब्द ऐकताना परका उंबरठा ओलांडल्यासारखं वाटलं नसेल. त्याचबरोबर काही पोर्तुगीज-लॅटिन शब्द त्याने तसेच ठेवले. जिथे गैरसमज परवडत होता तिथे आपला शब्द आणि जिथे परवडत नव्हता तिथे त्यांचा, असा त्याचा हिशेब असावा असं मला वाटतं.

बाहेरचा शब्द ठेवला की अर्थ शाबूत राहतो, हाही भ्रमच. इगर्ज घ्या. ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमलेली सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेलाही हेच नाव होतं. पोर्तुगीजमध्ये त्याचं 'इग्रेजा' झालं, आपल्याकडे इगर्ज, आणि आज इगर्ज म्हटलं की पांढरी भिंत, घंटा, समोरचं पटांगण. म्हणजे मूळ शब्द जपूनसुद्धा माणसं गळून इमारत राहिली. प्रॉटेस्टंट मराठीने मूळ न जपता 'मंडळी' घेतला आणि माणसं परत आली. ('आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणणाऱ्या नवऱ्यांनी त्या शब्दाची जी गत केली आहे ती सोडा.) इंग्लंडात याच शब्दावरून भयंकर वाद झाले. विल्यम टिंडलने 1526च्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च'च्या जागी 'जमलेले लोक' अशा अर्थाचा शब्द घातला, तेव्हा सत्तेच्या खुर्च्या हलल्या. 1536मध्ये त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. कारण एवढं एकच नव्हतं, पण हा शब्द त्याच्यावरच्या रागात होता.

अर्थ बदलला की आचार बदलतो याचं ढळढळीत उदाहरण 'मेतानोया'. मन फिरणं, उलट दिशेने विचार करू लागणं असा काहीसा अर्थ. लॅटिन बायबलात तिथे 'प्रायश्चित्त करा' असं वाचता येण्याजोगं वाक्य आलं आणि त्याला कुमसाराची जोड मिळाली: पाद्रीपुढे गुडघे टेका, सांगा, तो सांगेल ती भरपाई करा. 1516मध्ये इरॅस्मस या पंडिताने नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून या लॅटिनवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने जी 95 विधानं मांडली त्यातलं पहिलंच या शब्दाबद्दल आहे. मराठीत आपण 'पश्चात्ताप' म्हणतो. त्यात ताप आहे, मागाहून भाजणं आहे, पण दिशा बदलणं नाही. भाजून घेऊन तिथेच बसणारी माणसं मराठीत पश्चात्तापी ठरू शकतात, ग्रीकमध्ये नाही.

इथे एक सावधगिरी. शब्द फोडून त्यातून धर्म काढायची सवय प्रवचनकारांना फार असते. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. तेल हा शब्द तिळापासून आला, म्हणून कोणी खोबऱ्याचं तेल परत करत नाही. अर्थ ठरतो तो त्या काळची माणसं तो शब्द कुठे कुठे वापरत होती त्यावरून.

जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या 7व्या अध्यायातली 14वी ओळ म्हणूनच इतकी गाजली. तिथे हिब्रू 'अल्मा' आहे: लग्नाच्या वयाची मुलगी. शाळेच्या दाखल्यावर आपण 'कु.' लिहितो तसं काहीसं. 'कु.' लिहिताना कोणी चौकशी करत नाही. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांनी तिथे 'पार्थेनोस' घातला, जो बहुतेकदा पुरुषाचा स्पर्श न झालेली असा वाचला जातो, म्हणजे कोंकणीतलं 'अंकवार'. (बहुतेकदाच. त्याच भाषांतरात याकोबाची मुलगी दीना हिला शखेमाने भ्रष्ट केल्यानंतरही तोच शब्द लावलाय.) मत्तयने ग्रीकमध्ये लिहिताना हीच ओळ मरीयेच्या संदर्भात दिली आणि ती कायमची तशी झाली. 1952मध्ये एका नव्या इंग्रजी आवृत्तीने यशयाच्या पानावर 'तरुण स्त्री' छापलं, तेव्हा अमेरिकेत एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं. वाद घालताना एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. लूकही कुमारीच्या पोटी जन्माची हकिगत सांगतो आणि तो यशयाची ही ओळ देतच नाही. एका शब्दावर सगळी श्रद्धा टांगलेली आहे असं म्हणणं म्हणूनच उथळ आहे. मराठी भाषांतराने 'कुमारी' घेऊन दोन्ही दगडांवर पाय ठेवला, आणि या ठिकाणी मला तो शहाणपणा वाटतो.

शेवटी 'करार'. नवा करार, जुना करार हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात भाडेकरारातलाच करार आहे हे ऐकू येत नाही. हिब्रू 'बरीथ' म्हणजे दोन पक्षांतलं वचन. ग्रीकमध्ये त्याला 'दियाथेके' म्हटलं, आणि व्यवहारातल्या ग्रीकमध्ये दियाथेके म्हणजे मृत्युपत्र. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक या दुहेरी अर्थाचा पुरेपूर फायदा घेतो: दियाथेके लागू व्हायला ते करणाऱ्याचा मृत्यू झालेला असावा लागतो, म्हणून ख्रिस्ताचं मरण. ग्रीक वाचकाला हा युक्तिवाद एका दमात कळतो. मराठी भाषांतरकाराच्या हाती तसा शब्द नाही. त्याने 15व्या ओळीत 'करार' लिहिला आणि 16व्या ओळीत त्याच ग्रीक शब्दाला 'मृत्युपत्र'. वाचक गोंधळतो, की करारावरून हा माणूस मध्येच नोटरीकडे कसा पोचला? त्यातून गोव्याचा वाचक तर मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता हवी तशी देता येते अशा कायद्याखाली वाढलेला. 9वा अध्याय आहे. घरी मराठी बायबल असेल तर या दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा, मी मारली आहे.